पॉटहोलला 'पोथोल' का म्हणायचं नाही? इंग्रजी जोडशब्द कुठे तोडायचे आणि ठोका कुठे द्यायचा

पावसाळा लागला की गोव्यातल्या पेपरात एक शब्द रोज दिसायला लागतो. मराठी पेपरवाले खड्डे लिहितात आणि इंग्रजीवाले पॉटहोल. माझ्याकडे संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकायला पेडणे, धारगळ, कोरगाव ह्या भागातली पोरं येतात, बहुतेकांना मोपाच्या विमानतळावर नाहीतर किनाऱ्यावरच्या एखाद्या हॉटेलात नोकरी हवी असते. त्यातली एक मुलगी मागच्या आठवड्यात रस्त्याची बातमी मोठ्याने वाचत होती आणि तिने वाचलं 'पोथोल'. कोणी हसलं नाही, कारण बाकीच्यांनीही मनातल्या मनात तेच वाचलं होतं. मी दुरुस्त केलं तर ती म्हणाली, "टीचर, टी आणि एच शेजारी आले की थ होतो ना? थिन, थिक, बाथ. मग इथेच का नाही?"

प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. ही मुलं शाळेत दहा-बारा वर्षं इंग्रजी शिकून आलेली असतात, ग्रामर बऱ्यापैकी येतं, स्पेलिंगं पाठ असतात, पण शब्द कुठे तुटतो आणि आवाज कुठे चढतो हे त्यांना कोणी कधी सांगितलेलंच नसतं. मला ह्याचं फार वाईट वाटतं, कारण गोष्ट अवघड नाहीच मुळी आणि निम्मी तर आपल्याला मराठीतूनच येत असते. तर तिला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितोय.

## आधी सिलेबल म्हणजे काय ते बघू

सिलेबल म्हणजे शब्दाचा एका झटक्यात तोंडातून बाहेर पडणारा तुकडा, आणि प्रत्येक तुकड्यात एकच स्वर. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे हात हनुवटीखाली आडवा धरायचा आणि शब्द सावकाश म्हणायचा, हनुवटी जितक्या वेळा हाताला लागेल तितके सिलेबल.

आपला घोटाळा होतो तो देवनागरीमुळे. आपण अक्षरं मोजतो. 'राम' लिहिताना दोन अक्षरं पण बोलताना हनुवटी एकदाच खाली येते, कारण शेवटचा म आपण पाय मोडूनच बोलतो. तसंच 'फुटबॉल' लिहिताना चार अक्षरं, बोलताना दोनच तुकडे, फुट-बॉल. गोलकीपरमध्ये अक्षरं पाच पण तुकडे तीन, गोल-की-पर. क्लासमध्ये टाळ्या वाजवत म्हणा असं सांगितलं की पहिले दोन दिवस सगळे फु-ट-बॉ-ल असं चार टाळ्यांनी म्हणतात, आणि मग तो शब्द एखाद्या परदेशी पाहुण्यासमोर चार सारख्या ठोक्यांत येतो आणि समोरचा माणूस क्षणभर थांबतो.

## शब्दाचा सांधा

आता जोडशब्द. दोन आख्खे शब्द जोडून तिसऱ्या एखाद्या वस्तूचं नाव तयार होतं तो जोडशब्द, आपल्या व्याकरणात ह्याला सामासिक शब्द म्हणतात. पॉट आणि होल मिळून पॉटहोल, फुट आणि बॉल मिळून फुटबॉल. दोन तुकडे जिथे जुळले त्या जागेला मी सांधा म्हणतो.

इंग्रजीत एरवी व्यंजनांची सवय अशी की शक्य असेल तर पुढच्या स्वराला जाऊन चिकटायचं. पण सांधा आला की ती पलीकडे जात नाहीत, बंद दार असल्यासारखी अलीकडेच थांबतात. पॉटहोलमधला टी हा पॉटचा आणि एच हा होलचा, स्पेलिंगमध्ये ते शेजारी बसले म्हणून एका घरचे होत नाहीत. म्हणून त्यांचा थ होत नाही. आणि आपल्याकडे ट आणि ह मिळून ठ होतो म्हणून 'पॉठोल' असंही करायचं नाही, ट वर जीभ थांबली पाहिजे, मग होल.

गंमत म्हणजे हीच गाठ लाइटहाऊसमध्येही आहे, तिथेही टी आणि एच शेजारीशेजारीच आहेत, पण कोणी 'लायथाऊस' वाचत नाही. आग्वादचा 1864 सालचा जुना दीपस्तंभ गोव्यातल्या सगळ्या पोरांना माहीत असतो, तो शब्द त्यांनी आधी कानाने ऐकला आणि मग डोळ्याने वाचला. पॉटहोल आधी डोळ्याने भेटला, एवढाच काय तो फरक. म्हणजे चूक हुशारीची नाही, ओळख कुठल्या वाटेने झाली त्याची आहे.

असे बरेच शब्द आहेत. स्वीटहार्टमध्ये तेच टी आणि एच. लूपहोलमध्ये पी आणि एच शेजारी येतात आणि मुलं 'लूफोल' वाचतात. मिसहॅप, म्हणजे छोटा अपघात, स्पेलिंगमध्ये एस आणि एच एकत्र दिसतात म्हणून 'मिशाप' होतो. को-वर्करचं स्पेलिंग मधली आडवी रेघ न देता लिहिलं तर पहिली तीन अक्षरं चक्क 'काऊ' दिसतात. वीकनाइटमध्ये के आणि एन शेजारी दिसतात, पण तो के वीकचा आहे, नाइफमधल्यासारखा मुका नाही, हे सांधा माहीत असल्याशिवाय कळतच नाही. लांबलचक अनोळखी शब्द समोर आला की आधी हे विचारायचं की ह्यात मला माहीत असलेले दोन शब्द दडलेत का, दिसले तर तिथून तोडायचा, बाकी स्पेलिंगचे नियम त्या तोडीनंतर.

## हे आपल्याला मराठीत येतंच

'फणसाची भाजी' हे पटकन म्हणून बघा. आपण फण्-सा-ची म्हणतो, ण मधला अ गायब. आता 'फणसपोळी' म्हणा. फ-णस्-पो-ळी. इथे ण मधला अ जाग्यावर आहे! शब्द तोच फणस, मग एकदा अ गेला आणि एकदा राहिला असं का? कारण फणसपोळीत फणस आणि पोळी ह्यांच्यामध्ये सांधा आहे, आणि आपली जीभ तो सांधा ओळखून आधी 'फणस' पूर्ण करते आणि मगच पोळीकडे वळते. 'हरणाची' म्हणताना हर्-णा-ची आणि 'हरणटोळ' म्हणताना ह-रण्-टोळ, तेच. हे कोणी शाळेत शिकवलेलं नाही, पाच वर्षांचं पोरही बरोबर म्हणतं.

संधी झाली की मात्र मराठीत सांधा बुजतो, सूर्य आणि उदय मिळून सूर्योदय झाला की तो कुठून तोडायचा, तुकडे सूर्-यो-दय असे पडतात आणि 'उदय' सापडत नाही. इंग्रजीत अशी संधी सहसा होत नाही, सांधा शाबूत असतो, म्हणून एका अर्थी त्यांचे जोडशब्द आपल्या तत्सम शब्दांपेक्षा तोडायला सोपे.

## नाइट रेट आणि नायट्रेट

हॉटेलात काम करणाऱ्यांसाठी हे उदाहरण मी मुद्दाम देतो. नाइट रेट म्हणजे रात्रीचा दर, आणि नायट्रेट म्हणजे कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, घालायच्या खतातलं. ध्वनी जवळपास तेच. पण नायट्रेट हा आतून एकसंध शब्द, त्यामुळे ट उडी मारून र ला चिकटतो आणि 'ट्र' होतो, नाय-ट्रेट. नाइट रेटमध्ये सांधा आहे, ट अलीकडेच थांबतो, जीभ क्षणभर अडते आणि मग रेट.

आणखी एक जोडी, ग्रे टेप म्हणजे करड्या रंगाची टेप आणि ग्रेट एप म्हणजे गोरिलासारखा मोठा वानर. इंग्रज माणूस हे दोन कसे वेगळे ऐकतो? तर इंग्रजीत जोराच्या सिलेबलच्या सुरुवातीला प, ट, क आले की त्यांच्याबरोबर हवेचा फुसकारा येतो, म्हणजे ग्रे टेप जवळजवळ 'ग्रे ठेप' ऐकू येतं. ग्रेट एपमधला ट तुकड्याच्या शेवटी असल्यामुळे त्यात फुसकारा नाही. इथे मराठी कानाचा खरा फायदा आहे, कारण आपल्याला ट आणि ठ ही दोन वेगळी अक्षरं आहेत, आपण हा फरक लगेच पकडतो. इंग्रज माणूस तो नकळत करतो आणि विचारलंत तर त्याला बहुधा सांगताही येणार नाही.

## आता ठोका

इंग्रजी शब्दात सगळे सिलेबल सारखे नसतात. एक सिलेबल थोडा मोठ्याने, थोडा लांब, थोडा वरच्या सुरात येतो आणि त्यातला स्वर स्वच्छ ऐकू येतो. ह्याला इंग्रजीत स्ट्रेस म्हणतात, मराठी व्याकरणात आघात, मी ठोका म्हणतो. डिक्शनरीत ज्या सिलेबलवर ठोका असतो त्याच्या आधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ मारतात, मीही इथून पुढे तीच खूण वापरतो: ˈगोल-की-पर.

मराठीत ठोका असा अर्थ बदलत नाही, आपला सगळा भर ऱ्हस्व-दीर्घावर, लघु-गुरूवर. म्हणून ही गोष्ट आपल्याला नवी वाटते. पण लय म्हणून बघितलं तर नवी मुळीच नाही. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घुमट ह्या मातीच्या वाद्यावर चालणाऱ्या आरतीत बसलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, घुमटावर हात सतत चालू असतो पण त्यातली एक थाप 'ती' असते, तिच्यावर सगळे एकत्र येतात, बाकीच्या थापा तिच्या आजूबाजूला भरलेल्या असतात. ती थाप जागेवरून हलली तर शामेळ हे जोडीचं तालवाद्य वाजवणारा लगेच मान वर करून बघतो. तबलावादक लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांच्या गोव्यात जन्मलेल्या माणसाला ठोका कळत नाही हे मी कधीच मान्य करणार नाही, फक्त शब्दांतही तो असतो हे सांगावं लागतं.

नियम असा. दोन शब्द मिळून एका वस्तूचं नाव झालं की ठोका बहुतेक वेळा पहिल्या भागावर. ˈफुटबॉल, ˈगोलपोस्ट, ˈलाइफगार्ड, ˈफेरीबोट, ˈपॉटहोल. आणि दोन शब्द नुसतेच शेजारी उभे असतील, म्हणजे एक विशेषण आणि एक नाम, तर मुख्य ठोका दुसऱ्यावर. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले ह्या दोघा भाषाशास्त्रज्ञांनी 1968 साली ह्याचे दोन वेगळे नियम करून मांडले होते आणि त्यानंतर त्याच्या अपवादांवर भाषाशास्त्रवाल्यांनी भरपूर लिहिलंय, पण रोजच्या बोलण्यापुरतं एवढं धरून चाललं तरी पुष्कळ झालं.

ह्यातून अर्थ कसा बदलतो ते माझ्याच धंद्यातून सांगतो. ˈइंग्लिश टीचर म्हणजे इंग्रजी शिकवणारा, तो मी. इंग्लिश ˈटीचर म्हणजे इंग्लंडचा माणूस, जो शिक्षक आहे, मग तो गणित शिकवत असला तरी चालेल. लिहिताना दोन्ही अगदी सारखे, फरक फक्त ठोक्याचा. तसंच ˈग्रीनहाऊस म्हणजे रोपं वाढवायचं काचेचं घर, आणि ग्रीन ˈहाऊस म्हणजे कोणीतरी हिरवा रंग मारलेलं घर.

तीन शब्द एकत्र आले की हे आणखी नीट दिसतं. आग्वादच्या दिव्याची राखण करणारा तो ˈलाइटहाऊस कीपर. हेच तीन तुकडे लाइट ˈहाऊसकीपर असे म्हटले तर घरकाम बघणारी वजनाने हलकी बाई होते. तुकडे तेच, क्रम तोच, सांधा कुठला पक्का आणि ठोका कुठे पडला त्यावर सगळं.

## पहिल्याच भागावर का?

एका मुलाने विचारलं की खरा शब्द तर दुसरा असतो, फुटबॉल हा शेवटी बॉलच, मग मान पहिल्याला का? आपल्या देवघर, माजघर, न्हाणीघर, स्वयंपाकघर ह्या शब्दांकडे बघा. घर सगळ्यांत आहे, ते मुख्य आहे, तत्पुरुष समासात दुसरं पद प्रधान असं आपण शिकलोच. पण ऐकणाऱ्याला निवड करायची असते ती पहिल्या पदावरून, कुठलं घर? तसंच फुटबॉल, हँडबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, बॉल तर सगळीकडेच आहे, बातमी पहिल्या भागात आहे. इंग्रजी त्या बातमीवर आवाज चढवते.

एक गोष्ट इथे सांगून ठेवतो, लिहायची पद्धत ठोक्याला बांधलेली नाही. इंग्रजीत काही जोडशब्द सलग लिहितात, काहींत आडवी रेघ देतात आणि काही चक्क सुटे लिहितात. फुटबॉल सलग, किक-ऑफला रेघ, गोल किक सुटा. ठोका मात्र तिन्हीत पहिल्यावर. सुटा लिहिलाय म्हणून तो जोडशब्द नाही असं समजायचं नाही.

## चेक-इन की चेक इन

विमानतळावरच्या नोकरीसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. क्रियापद असेल तर ठोका मागच्या छोट्या शब्दावर आणि त्याचंच नाम झालं की पुढे येतो. पाहुणा काउंटरवर येऊन चेक ˈइन करतो, आणि काउंटर असतो ˈचेक-इनचा. विमान टेक ˈऑफ करतं, पण त्याचा ˈटेकऑफ उशिरा होतो. गाडी ब्रेक ˈडाउन होते, रस्त्यात ˈब्रेकडाउन होतो. फोनमध्ये आपण लॉग ˈइन करतो आणि पासवर्ड असतो तो ˈलॉगइनचा. माझ्या एका विद्यार्थ्याला इंटरव्ह्यूमध्ये दोनदा "पार्डन?" ऐकावं लागलं आणि तो घाबरून गेला, नंतर आम्ही बसून त्याची वाक्यं पुन्हा म्हटली तेव्हा कळलं की त्याचे उच्चार चांगले होते, फक्त सगळे ठोके सारखे पडत होते, समोरच्याला नाम कुठलं आणि क्रिया कुठली ते लागत नव्हतं.

## नियम आहे तर मग अपवाद इतके का?

हो, आहेत, आणि ते लपवून उपयोग नाही. पण बरेचसे गटागटाने येतात, म्हणून लक्षात ठेवता येतात.

पदार्थ कशापासून बनला हे पहिला शब्द सांगत असेल तर ठोका मागे जातो. चिकन ˈकरी, फिश ˈकरी, फ्रूट ˈसॅलड, ॲपल ˈपाय. पण ज्यूस आणि केक ह्यांनी वेगळी वाट धरली आहे, ˈऑरेंज ज्यूस, ˈबर्थडे केक. ॲपल पाय आणि ॲपल केक, दोन्ही सफरचंदाचेच, पण पहिल्यात ठोका पायवर आणि दुसऱ्यात ॲपलवर, ह्या जोडीवर भाषाशास्त्रवाले पन्नास-साठ वर्षं वाद घालतायत. आणि ˈकरी लीफमध्ये करी पुढे येते, कारण पान करीपासून बनलेलं नाही, करीत घालायचं आहे.

रस्त्यांची नावं तर फार मजेशीर. स्ट्रीट असेल तर ठोका नावावर, ˈचर्च स्ट्रीट. रोड असेल तर ठोका रोडवर, चर्च ˈरोड. आमच्या पणजीतला 18 जून ˈरोड. पूल, किनारे, डोंगर ह्यांचंही रोडसारखंच, मांडवी ˈब्रिज, मिरामार ˈबीच. नाताळात ˈख्रिसमस ट्री, ˈख्रिसमस कार्ड, पण ख्रिसमस ˈडे आणि ख्रिसमस ˈईव्ह.

फुटबॉल बघणाऱ्यांनी कॉमेंट्री ह्या कानाने ऐकावी. ˈगोल किक, ˈकॉर्नर किक, ˈपेनल्टी किक, पण फ्री ˈकिक. रेड ˈकार्ड, यलो ˈकार्ड, हाफ ˈटाइम, ओन ˈगोल. एकदा ऐकलं की मग दर मॅचला ऐकू येत राहतं, मला तर आता स्कोअरपेक्षा आधी हेच ऐकू येतं.

विशेषणाचे जोडशब्द आणखी थोडे निराळे. स्कूटर कशी आहे विचारलं तर सेकंड-ˈहँड. पण लगेच पुढे नाम आलं की ठोका पहिल्या भागावर सरकतो, ˈसेकंड-हँड ˈस्कूटर, म्हणजे दोन ठोके एकमेकांना धडकत नाहीत, मध्ये जागा राहते. लय सांभाळायची हौस त्या भाषेलाही आहेच.

गोव्यातली ज्येष्ठ मंडळी पोर्तुगीज शिकलेली आहेत, त्यांना हे उलटं वाटणं स्वाभाविक आहे, कारण पोर्तुगीजमध्ये जोडशब्दाचा मुख्य ठोका शेवटच्या भागावर असतो. छत्रीला ते ग्वार्दा-ˈशूवा म्हणतात, शब्दशः पाऊस-राखण, आणि जोर पावसावर.

## ठोका नसलेल्या भागाचं काय होतं

बहुतेक जोडशब्दांत दुसरा भाग नुसता थोडा दबतो, मरत नाही. फुटबॉलमधला बॉल नीट बॉलच ऐकू येतो. पण शब्द फार जुना झाला, रोज तोंडात घोळला, की तो भाग झिजतो. कप आणि बोर्ड मिळून झालेला शब्द आज 'कबर्ड' म्हणतात, प तर पूर्ण गेला. ब्रेक आणि फास्ट, म्हणजे उपास सोडणं, त्याचं झालं 'ब्रेकफस्ट'. शीप आणि हर्ड, मेंढरं राखणारा, झाला 'शेपर्ड'. हजबंड ह्या शब्दात हाऊस दडलंय हे तर आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. आपल्याकडे मठग्रामाचं मडगाव झालं आणि कुशस्थळीचं कुठ्ठाळी, तसंच हे, रोजच्या वापराने सांधा गुळगुळीत होतो.

आणि ह्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. मराठीत आपण लिहितो पोस्टमन, वॉचमन, बॅट्समन. 'मॅन' नाही, 'मन'. पण सुपरमॅन आणि स्पायडरमॅन लिहिताना मात्र 'मॅन' लिहितो. लोकांना वाटतं पोस्टमन हा आपला गावठी उच्चार. अजिबात नाही! इंग्रजीतही पोस्टमन, वॉचमन, बॅट्समन ह्यांच्यातला मॅन झिजून अस्पष्ट 'मन'च झालेला आहे आणि सुपरमॅनमधला पूर्ण शाबूत आहे. म्हणजे ज्या मराठी माणसांनी हे शब्द पहिल्यांदा ऐकले आणि लिहून काढले त्यांचे कान किती तयार होते बघा. जी मुलं इंटरव्ह्यूमध्ये 'पोस्टमॅन' असं मुद्दाम ताठ करून म्हणतात ती बरोबर असलेलं बिघडवतात.

## आपण भारतीय माणसं, आपल्याला इंग्रजांसारखं कशाला बोलायचं?

हा आक्षेप नेहमी येतो आणि मला तो पटतो. इंग्रजांसारखा र घोळवायची, नाकातून बोलायची काहीएक गरज नाही. आपला ट हा आपला ट, आपला व हा आपला व, तो लपवण्यासारखा नाही. पण ठोका ही फॅशन नाही, ती शब्दाची ओळख आहे. अॅन कटलर आणि डेनिस नॉरिस ह्यांनी 1988 साली प्रयोग करून दाखवलं की इंग्रजी ऐकणारा माणूस जोराचा सिलेबल आला की 'इथे नवा शब्द सुरू झाला' असं धरून पुढे जातो. बोलताना आपण शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाही, सगळं सलग वाहतं, त्यामुळे त्याला तोडायला हाच आधार. आपण लाइफˈगार्ड म्हटलं तर तो 'गार्ड'पासून नवीन शब्द मोजायला लागतो आणि मागचा 'लाइफ' त्याच्या हातात सुटाच राहतो. संदर्भाने कळतं हे खरं, शांतपणे बसून बोलत असू तेव्हा कळतंच, पण किनाऱ्यावर लाटांच्या आवाजात कोणी मदतीला हाक मारत असेल, फोनची लाइन खराब असेल, तेव्हा संदर्भ हाताशी नसतो आणि ठोकाच उरतो.

## पण त्यांचंच एकमत कुठे आहे?

नाहीच सगळीकडे. ब्रिटिश माणूस सहसा आइस ˈक्रीम म्हणतो आणि अमेरिकन ˈआइस क्रीम. वीकˈएंड ब्रिटिश, ˈवीकएंड अमेरिकन. दोन्ही बरोबर, कुठलाही घ्या, फक्त एकच धरून राहा. आणि डिक्शनरी बघताना एक काळजी घ्यायची, काही अमेरिकन डिक्शनऱ्यांत मूळ शब्दाच्या मध्ये ठिपके असतात, ते उच्चाराचे तुकडे नव्हेत, ओळीच्या शेवटी शब्द मावला नाही तर कुठे तोडून आडवी रेघ द्यायची त्याची ती सोय आहे. उच्चारासाठी पुढे कंसात असतो तो भाग बघायचा आणि त्यातली वरची रेघ शोधायची. आता तर फोनवर स्पीकरचं चित्र दाबलं की शब्द ऐकूच येतो.

## घरी करून बघायचं तर

आम्ही क्लासमध्ये घुमटच वापरतो, एका पोराच्या घरचं आहे. एक जण शब्द म्हणतो, दुसरा ठोक्याच्या सिलेबलवर मोठी थाप आणि बाकीच्यांवर बोटाने हलकी. ˈगोल-की-पर, मोठी-हलकी-हलकी. फ्री ˈकिक, हलकी-मोठी. चुकलं की कानाला लगेच टोचतं, मला सांगावंही लागत नाही. म्हापशाहून पेडण्याला बसने येताना खिडकीतून दिसेल त्या प्रत्येक पाटीवर हे करून बघायचं असा आमचा नेम आहे, गेस्ट हाऊस, मेडिकल स्टोअर, सीफूड, कार वॉश.

पॉटहोलवाल्या त्याच मुलीने परवा स्वतःहून एक शब्द काढला. ती म्हणाली, "टीचर, एअरपोर्ट हा जोडशब्द, म्हणून ठोका एअरवर. पण मोपा एअरपोर्ट हे जागेचं नाव, ब्रिज आणि बीचसारखं, म्हणजे ठोका मागच्या शब्दावर गेला पाहिजे. मग पोर्टवर जातो काय?" नाही. ठोका मागच्या शब्दावर जातो हे खरं, पण मागचा शब्द एअरपोर्ट, आणि त्याच्या आत पुन्हा त्याचा स्वतःचा नियम चालू असतो, तिथे ठोका पहिल्या भागावर. म्हणजे मोपा ˈएअर-पोर्ट. सरकारी पूर्ण नाव घेतलं तरी तेच, मनोहर इंटरनॅशनल ˈएअर-पोर्ट. तिने घुमट ओढून घेतलं, तीन-चार वेळा वाजवून बघितलं, मग मान हलवली आणि म्हणाली, "मग 'मोपा एअरपोर्ट रोड'?"

रोडवर.